ज्योत्स्नाताईंची दोन्हीकडून लिहिलेली वही

आमच्या कॉलेजात एक बातमी फिरत होती. फर्स्ट इयरला आमच्यात येऊन बसलेल्या ज्योत्स्ना ओव्हाळ या सरकारी माणूस आहेत. कोणती पोरगी कुणाच्या गाडीवर बसून आली, कँटीनच्या मागं कोण कुणाशी बोलत उभी होती, हे सगळं त्या वहीत टिपून घेतात आणि संध्याकाळी पोरीच्या घरी जाऊन सांगतात. पुरावा काय, तर तास संपला तरी बाई लिहीतच असतात. शिवाय वही उलटी करून लिहितात.

ही बातमी खोटी होती. मला खात्रीनं माहीत आहे, कारण ती मीच उठवली होती.

खरं असं होतं की ज्योत्स्नाताई कळसच्या आशा सेविका. वय सदतीस, नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, गाडी म्हणजे आरसा एकाच बाजूला राहिलेली स्कूटी. वही एकच, दोनशे पानी. पुढच्या बाजूनं अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि आपत्ती व्यवस्थापन. मागच्या बाजूनं गरोदर बायकांच्या तारखा, कुठल्या बाळाची कुठली लस राहिली, कुणाच्या लोहाच्या गोळ्या संपल्या. प्रत्येक ओळीच्या आधी वेळ. नऊ दहा, नऊ पंचवीस. आशाच्या कामाची ती सवयच होती.

"दोन वह्या का नाही करत, ताई?" असं मी एकदा विचारलं.

"दोन केल्या की एक घरी ऱ्हाती," त्या म्हणाल्या. "आन जी पायजे नेमकी तीच ऱ्हाती."

मी बातमी का उठवली, तेही सांगते. मला लोकांचे आवाज काढता येतात. म्हणजे नकला नाही, आवाजच. आमच्या रविराज सरांचा मी असा काढते की मागच्या बाकावरची पोरं खरोखर वह्या उघडतात. सर तासिका तत्त्वावर आहेत. अर्थशास्त्र त्यांचं, आणि दुसरं कुणी मिळत नाही म्हणून आपत्ती व्यवस्थापनही त्यांचंच, आणि इंटर्नशिपची पत्रंही तेच वाटतात. ते प्रश्न विचारतात आणि दम न घेता उत्तरही देतात. "किंमत वाढली की मागणी काय होते? काय होते? बरोब्बर, कमी होते!" एकदा मी फळ्यापुढं उभी राहून हे करत होते आणि सर दारात येऊन थांबले. त्यांनी आख्खा मागणीचा नियम ऐकून घेतला. मग म्हणाले, "अपवाद राहिले."

तर पहिल्या आठवड्यात ताई वर्गात आल्या तेव्हा सरांनी विचारलं होतं, "तुम्ही पालक का?"

"न्हाय सर. विद्यार्थी हाय."

मधल्या सुट्टीत मी ते करून दाखवलं. मान जरा वाकडी, पदर खांद्यावर घट्ट, "न्हाय सर. विद्यार्थी हाय." पोरी हसून हसून पडल्या. ताई मागंच उभ्या होत्या. मला वाटलं चिडतील, रडतील, प्राचार्यांकडं जातील. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "झ्याक केलंस. पन तुझा 'हाय' जरा लांबतोय बघ. आमी कळसची मानसं एवढं लांबवत न्हाय."

मला आजपर्यंत कुणी दुरुस्त केलं नव्हतं. त्याच दुपारी मी वहीची बातमी सोडून दिली. ती पार स्टँडपर्यंत पोहोचली, आणि दोन पोरींनी ताईंच्या शेजारी बसणं सोडलं. ताईंनी काही विचारलं नाही. त्या पहिल्या बाकावर एकट्या बसायला लागल्या, एवढंच.

त्या कॉलेजात कशाला आल्या होत्या, ते आम्हाला संधी खर्चाच्या तासाला कळलं. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'संधी खर्च.' "एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते. जी सोडली ती म्हणजे काय? काय? उदाहरण द्या. ओव्हाळ मॅडम?"

ताई उभ्या राहिल्या. "सर, मी साडेसात ते साडेधा हितं असते. तेवढा वेळ गावात नसते. त्या तीन तासात गावात कुनाला कळा आल्या, तर त्यो माझा संधी खर्च."

सर पहिल्यांदाच स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला विसरले. मग त्यांनी विचारलं, "मग येताच कशाला?"

"गटप्रवर्तक व्हायचंय सर. आशांच्या वरची बाई. त्याला पदवी लागती. बारा वर्सं उन्हात फिरले, आता फिरनाऱ्या बायांची अडचन काय असती ते वर बसून कुनीतरी सांगाया नको?"

दहावी लग्नाआधी, बारावी बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून बत्तिसाव्या वर्षी, आणि आता हे. पण आरोग्य केंद्रात त्यांनी याचा पत्ता लागू दिला नव्हता. आशाला कामाचे तास ठरलेले नसतात, म्हणजे सगळेच तास कामाचे असतात. कुणी हरकत घेतली तर कॉलेज बंद, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर मला त्यांच्याशी बोलावंसं वाटायला लागलं. आमचं घर भवानीनगरात, अब्बांचं बांगड्यांचं आणि कटलरीचं दुकान कारखान्याच्या रस्त्याला. ताई जाताना तिथूनच जायच्या. उसाच्या ट्रेलरमागून धूर खात हळूहळू. कधी थांबून मला मागं बसवायच्या. मी त्यांना रस्ताभर आवाज ऐकवायची. एकदा त्यांच्या सिस्टरचा काढला. आरोग्य केंद्राच्या या सिस्टरबाईंना मी माझ्या भाचीच्या लसीकरणाला तासभर ऐकलं होतं. "ए, पुढची! बाळ धर, मान धर! रडू दे, रडतंय म्हणजे चांगलं हाय! काय बघतीस, ओढनी बाजूला घे!"

ताईंनी स्कूटी बाजूला घेऊन थांबवली. हसून डोळ्यांतून पाणी आलं होतं. "सेम गं बाय! खोकला सुदिक तसाच!"

"मग? फोनवर काढला तर तुम्हीसुद्धा फसाल."

"मी? बारा वर्सं त्या बाईच्या शिव्या खाल्ल्यात मी."

"लागली पैज?"

"लागली."

पैज अशी ठरली. त्या फसल्या तर परीक्षेपर्यंत अर्थशास्त्राच्या सगळ्या नोट्स मला स्वच्छ अक्षरात उतरवून देणार. मी ओळखू आले तर माझी साठ तासांची इंटर्नशिप त्यांच्या मागं बॅग घेऊन, उन्हात, घरोघर. त्या इंटर्नशिपचं माझं सगळं ठरलेलं होतं. अब्बांच्या ओळखीच्या मोबाईलवाल्याकडून शिक्का मारून घ्यायचा आणि साठ तास घरी झोपायचं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी तसंच ठरवलं होतं. आम्ही टाळी दिली. ती टाळी मला अजून आठवते, कारण त्या वेळी त्यांचा हात गार होता आणि माझा गरम.

मला फक्त संधी पाहिजे होती. ती डिसेंबरातल्या एका गुरुवारी आली.

त्या दिवशी आपत्ती व्यवस्थापनाचं प्रात्यक्षिक होतं. पावणेदहाला घंटा सलग वाजणार, म्हणजे आग लागली असं धरायचं. सगळ्यांनी न पळता जिन्यानं उतरून मैदानात लिंबाच्या झाडाखाली उभं राहायचं आणि डोकी मोजायची. सरांनी आठ दिवस एकच वाक्य घोकून घेतलं होतं. "कॉल आला की काय करायचं? काय करायचं? बरोब्बर, खरा धरायचा! खोटा निघाला तर चहा प्या. खरा असून खोटा धरला तर? तर काय?" त्याचं उत्तर मात्र ते कधी द्यायचे नाहीत. डोकी मोजायची यादी ज्योत्स्नाताईंकडं दिली होती, कारण वेळ लिहून ठेवायची सवय फक्त त्यांना.

आदल्या दिवशी मी नोट्स बघायला म्हणून त्यांची वही घेतली होती. आणि उलटी केली होती. मागच्या बाजूला गावडे वस्तीवरच्या एका सुनेचं नाव होतं. शेजारी लिहिलं होतं, 'पहिलं बाळंतपण अवघड गेलं. घर लांब. फोन लागत न्हाय.' आणि तारखेभोवती लाल पेननं गोल. तो गोल मी बघितला आणि मला वाटलं, झालं, नाटकाला गोष्ट मिळाली. मला दुसरं काहीही वाटलं नाही. हे वाक्य लिहिताना मी तीनदा थांबले, पण खरं तेच आहे.

नऊ चाळीसला मी सायकल स्टँडच्या मागं उभी होते, हातात रश्मीचा फोन. रश्मी माझी मैत्रीण, तिचा नंबर ताईंकडं नव्हता. मैदानात ताई यादी घेऊन उभ्या दिसत होत्या.

"ए ओव्हाळ! कुठं हायस? गावडे वस्तीवरनं निरोप आलाय, त्या पोरीचं रक्त जायला लागलंय. माझ्या फोनची बॅटरी गेली, दुसऱ्याच्या फोनवरनं बोलतीय. गाडी बोलव आन नीघ!"

आवाज इतका बरोबर आला की रश्मीनं तोंडावर हात दाबला. मग मी पत्र्याच्या फटीतून ताईंचा चेहरा बघितला. तो एकदम रिकामा झाला होता. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "घाबरू नको. गाडी सावकाश चालव."

मी फोन ठेवला. आता पुढं होऊन टाळी वाजवायची आणि 'फसलात!' म्हणायचं, असं ठरलं होतं. मी स्टँडमागून बाहेर आले तोपर्यंत ताईंनी एक फोन लावून कानाला धरला होता. तो उचलला गेला नाही. मग वही काढून त्यांनी उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं. मग दुसरा फोन लावला आणि मला १०८ ऐकू आलं, पत्ता ऐकू आला, 'हो, मी आशा बोलते' ऐकू आलं. मी जवळ गेले. तोंड उघडलं. त्याच क्षणी घंटा वाजायला लागली आणि तीनशे पोरं जिन्यावरून खाली आली.

ताईंनी माझ्याकडं बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग यादी माझ्या हातात दिली. "डोकी नीट मोज," एवढंच म्हणाल्या, आणि स्कूटी गेटबाहेर गेली.

मी मोजली. आमच्या वर्गात अठ्ठावन्न नावं, सत्तावन्न डोकी.

"एक कमी आहे!" सर ओरडले. "कोण कमी? कोण?"

"ज्योत्स्नाताई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मी त्यांना अकरा वेळा फोन लावला. गाडीवर असताना त्या फोन बॅगेत ठेवतात. १०८ ला फोन लावून 'गाडी परत बोलवा' असं सांगता आलं असतं. तो नंबर मी दाबला, तीन आकडे, आणि खोडला. सांगायचं काय, नाव काय सांगायचं, पोलीस आले तर, अब्बा काय म्हणतील. या सगळ्याचा विचार करायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात गाडी कळसच्या वाटेला लागली असणार.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. ताई वस्तीवर पोहोचल्या तेव्हा ती सून ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. माणसं पाण्याची मोटार चालू करून उसात गेलेली, म्हणून फोन उचलला गेला नव्हता. मागोमाग भोंगा वाजवत गाडी आली. वस्तीवरची चार माणसं गोळा झाली आणि सासूनं ताईंना दारातच फैलावर घेतलं. "चांगल्या पोरीचं रगत सांडवायला निघालीस व्हय गं? तुझ्या जिभेला काय हाड?" ताई गाडीवाल्यांची माफी मागत होत्या. गाडीवाल्यांनी रुग्ण नसल्याचं लिहून नेलं, ते आरोग्य केंद्रात पोहोचलं, आणि तिथल्या डॉक्टर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "फोन आला तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

ताईंना खोटं बोलता येत नाही. कॉलेज उघडं पडलं.

दुसरा तुकडा रश्मीनं आणला. तिच्या शेजारच्या लक्ष्मीबाई, वय सत्तरच्या पुढं, त्याच सकाळी गोठ्यात पाय घसरून पडल्या होत्या. खुबा मोडला. जवळची गाडी कळसला गेली होती. दुसरी लांबून यायला वेळ लागला. म्हातारी गोठ्यातच फळीवर तासभर पडून होती, शेवटी शेजाऱ्यांनी दुधाच्या टेम्पोतून बारामतीला नेली. ऑपरेशन झालं, बऱ्या आहेत. रश्मी हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हती. नंतर ती म्हणाली, "फोन माझा होता गं."

संधी खर्चाचं उदाहरण आता मी देऊ शकले असते. सरांनी विचारलं नाही.

सोमवारी ताई आल्या, लायब्ररीची पुस्तकं परत करायला. सरांनी त्यांना व्हरांड्यात अडवलं. मी खांबाच्या मागं होते. मागं उभं राहून ऐकणं हा माझा जुनाच धंदा.

"नोटीस आलीय सर. सात दिवसात खुलासा द्यायचाय. साहेब म्हनले, कॉलेज कर न्हायतर आशा कर."

"पण फोन आला होता ना तुम्हाला? नंबर दाखवा की त्यांना!"

"दाखवते म्हनलं. पन सात दिवसांनी."

"सात दिवस कशाला?"

ताईंनी पुस्तकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "असूं द्या सर. दिल्यात तर घेऊ की सगळे."

नंबर त्यांच्याकडं होता. रश्मीचा नंबर एकदा फिरवला की रश्मी आणि रश्मीमागं मी. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि मला कळेना, त्या कशाला थांबल्यात.

त्या दिवसांत मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. फोन हातात घेऊन मी सराव करायची. पण 'ताई, तो फोन मी केला होता' हे वाक्य तोंडातून निघताना रविराज सरांच्या आवाजात निघायचं, नाहीतर आमच्या फुफूच्या, म्हणजे आत्याच्या, रडक्या आवाजात. एकदा तर बातम्या देणाऱ्या बाईच्या. जेवताना अम्मीनं दोनदा विचारलं, गप्प का, घसा बसलाय का? मी हो म्हणाले.

नोटिशीच्या सहाव्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अब्बा बांगड्यांच्या जोड्या दोऱ्यात ओवत होते. मी म्हणाले, "अब्बा, समजा एखाद्या पोरीनं गंमत केली आणि..." आणि हे मी अब्बांच्याच मामाच्या, कुंभारगावच्या इस्माईलमामांच्या आवाजात सुरू केलं, बोबडं, नाकातून. घरात याला सगळे हसतात.

अब्बांनी दोरा खाली ठेवला. "तुझ्या आवाजात सांग, करिमा."

मी सांगितलं. सगळं, लाल गोलापासून लक्ष्मीबाईंपर्यंत. मधे एक बाई मेंदीचे कोन विचारायला आली, अब्बांनी तिला पैसे न घेता दोन कोन देऊन पाठवलं आणि म्हणाले, "पुढं." संपल्यावर त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. ईद सोडून कधी दुपारी शटर ओढलेलं मी बघितलं नव्हतं. मला वाटलं मारतील. ते म्हणाले, "ओढणी नीट घे. जाऊ."

आरोग्य केंद्रात साहेब होते, ताई बाकावर बसल्या होत्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर सिस्टर रजिस्टर भरत होत्या. खऱ्या सिस्टर. अब्बा दारातच म्हणाले, "साहेब, तो फोन माझ्या मुलीनं केला होता. ती सांगेल." आणि ते बाजूला सरकले.

मी सांगितलं. साहेबांचा विश्वास बसेना. "सिस्टरांचा आवाज? या पोरीनं?"

सिस्टरांनी चष्मा काढला. "काय बोललीस म्हनं? बोल बघू."

"नको," मी म्हणाले.

"बोल म्हनते ना!"

मी खाली बघत बोलले. "ए ओव्हाळ! कुठं हायस? गावडे वस्तीवरनं निरोप आलाय..." शेवटपर्यंत, खोकल्यासकट. बाहेर रांगेतली एक बाई खरंच आत आली आणि म्हणाली, "बोलावलं का सिस्टर?"

कुणी हसलं नाही. शिपाई भिंतीवरच्या डेंग्यूच्या तक्त्याकडं बघत राहिला. सिस्टर साहेबांकडं वळून म्हणाल्या, "मी अशी खेकसते व्हय वो?"

साहेब रजिस्टर चाळायला लागले.

मग मी लक्ष्मीबाईंचं सांगितलं, कारण ते कुणाला माहीत नव्हतं आणि मी न सांगता निघून जाऊ शकले असते. त्या खोलीत आधी माझ्याकडं सगळे रागानं बघत होते, त्यानंतर कुणी बघतच नव्हतं. ते जास्त वाईट होतं. साहेबांनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं, सही घेतली, अब्बांची सही घेतली. खोट्या फोनला काय होऊ शकतं ते मला नीट, आवाज न चढवता समजावलं. एक पत्र त्यांनी आमच्या प्राचार्यांना धाडलं, त्यामुळं मला दोन आठवडे वर्गात येऊ दिलं नाही. ताईंची नोटीस बंद झाली.

पण कॉलेजचं काय, ते राहिलंच होतं. साहेब म्हणाले, "ओव्हाळ, नोटीस वेगळी. सकाळचे तीन तास गावात कुणी नाही, हे मला चालणार नाही."

ताईंचं बोट वहीच्या कडेवरून फिरत होतं.

सिस्टर पुन्हा चष्मा लावून लिहायला लागल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "साडेसात ते साडेधा वस्त्यांवर माझा नंबर दे. मी बघते." आणि मग खोकून, "आन खेकसले तर खेकसले."

ताईंचं कॉलेज राहिलं.

बाहेर अब्बा गाडी वळवायला गेले. मी ताईंपुढं उभी राहिले. माफी मागितली, ती त्यांनी ऐकून घेतली, आणि 'असूं दे' म्हणाल्या नाहीत. लक्ष्मीबाईंकडं जाऊन माफी मागायची, हे त्यांनी सांगितलं आणि मी हो म्हणाले. नंतर गेलेही. म्हातारीनं मला जवळ बसवून घेतलं आणि गोठ्यातल्या फळीवर एक तास कसा असतो ते सगळं सांगितलं, मिनिटा-मिनिटानं. माफ केलं असं काही म्हणाली नाही.

मग मी म्हणाले, "ताई, मी इतकी सेम बोलले म्हणूनच हे झालं. तुम्ही ओळखलं असतं तर..."

ताईंनी बॅगेतून वही काढली. उलटी केली. पान उघडून माझ्या हातात दिली.

'९.४०. करिमाचा फोन, सिस्टरच्या आवाजात. शेवटाला सावकाश चालव म्हनली. बारा वर्सात सिस्टर तसं म्हनल्या न्हाईत. वस्तीवर फोन लावला, उचलत न्हाईत. शंभरात एक खरं असलं तर? गाडी बोलवते. निघाले.'

मी ते दोनदा वाचलं. आख्ख्या वहीच्या त्या बाजूला बायकांची आणि बाळांची नावं होती. कॉलेजातल्या पोरीचं नाव एकच होतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "आणि तरी यादी माझ्याच हातात दिलीत?"

"तू पळून जानार न्हाईस असं वाटलं. डोकी मोजायला लागली की मानूस जागचं हलत न्हाय."

"आणि नंबर? पहिल्याच दिवशी दाखवायचा ना!"

"खुलासा तुझा हुता. मी कसा लिहिनार?" त्यांनी वही घेतली आणि बॅग माझ्याकडं सरकवली. "वळखलं का न्हाय मी?"

"ओळखलंत."

"मग उचल. साठ तास."

बॅग जड होती. बाळांचं वजन करायचा काटा त्यातच असतो, हे मला माहीत नव्हतं. मी ती खांद्याला लावली आणि पहिलं घर कुठलं म्हणून विचारलं.

ताईंनी स्कूटी चालू केली. "गावडे वस्ती," त्या म्हणाल्या. "सासू घरीच असती."